फणसाचा जामीन

आमच्या परसातल्या फणसाला फळ धरलं होतं. एवढी साधी गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, अण्णांना नाही, बायकोला तर नाहीच नाही. घरात, शेजारात, नात्यागोत्यात सगळ्यांची एकच समजूत आहे, की त्या झाडानं शेवटपर्यंत काही दिलं नाही आणि म्हणून ते तोडलं. दिलं होतं. एकदा नाही, तीनदा दिलं होतं. ते मी खुडलं.

मी मुळात कमी बोलणारा. आई म्हणायची, "ह्याच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा हापशीतून पाणी काढणं सोपं." कमी बोलणारा माणूस सरळ असतो, असं लोकांना उगाचच वाटतं. त्याला खोटं बोलायची गरज पडत नाही, एवढंच. गप्प बसलं की भागतं. माझं पस्तीस वर्षं भागलं.

आम्ही आधी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये राहायचो. बराकीतली एक खोली आणि पुढे हातभर ओटा. त्या ओट्यावर आईनं तुपाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, टोमॅटो, पुदिना असं सगळं लावलेलं. शेजारची सिंधी बाई, जिला सगळी बराक दादी म्हणायची, ती स्वतःचा डबा आणि माती घेऊन यायची. "भाभी, तू लगा. मेरे हाथ से तो पुदिना भी रूठ जाता है." आई दोन काड्या खोचून द्यायची आणि थोड्याच दिवसांत दादीच्या दारात चटणीपुरता पुदिना उभा. आता ह्यात आईच्या हाताचा भाग किती आणि "दादी, पानी डाला क्या?" असं आई रोज सकाळी भिंतीपलीकडून ओरडायची त्याचा भाग किती, हे सांगता येणार नाही. पण नाव हाताचं झालं.

ऐंशीनंतर लवकरच अण्णांनी बदलापूरला दोन खोल्यांचं घर घेतलं. वर सिमेंटचे पत्रे, पुढे ओटा आणि मागे खराखुरा परस. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनचे चिटणीस होते. घर बदलल्याने त्यांची सायकल लांबली. आईचे मात्र हात मोकळे झाले. वर्षभरात मोरीचं पाणी पाट काढून अळवाला आणि केळीला गेलं, दुधी पत्र्यावर चढला, कारली कुंपणावर, आणि वांगी जिथं जागा मिळेल तिथं.

दुधी पत्र्यावर चढला की आमच्या घरात दुधीचं राज्य यायचं. दुधीची भाजी, दुधीची डाळ, दुधीचं थालीपीठ. शेजाऱ्यांना वाटून वाटून शेजारी आमचं दार उघडलेलं दिसलं की आपलं लावून घ्यायचे. अण्णा ताटाकडे बघून विचारायचे, "ही भाजी आहे की शिक्षा?"

"फुकटची आहे," आई म्हणायची.

"शिक्षा फुकटच असते," अण्णा म्हणायचे आणि जेवायचे.

अण्णांविषयी एक सांगायला हवं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव्हारा घराबाहेर काढला, तो अण्णांनी पुन्हा स्वप्नातही आत येऊ दिला नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, सिद्ध करता येतात त्या आणि अंधश्रद्धा. कुठल्या दुकानाच्या दारातलं लिंबू-मिरची खाली पडलेलं दिसलं, की ते लिंबू सोडवून घरी आणायचे. "सरबताला चालतं." शेजारच्या बायका ते सरबत प्यायच्या नाहीत. आम्ही प्यायचो. काही झालं नाही, फक्त साखर कमी असायची.

आईलाही हे सगळं पटत होतं. फक्त झाडांच्या बाबतीत ती जरा सूट घ्यायची. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही, दाखवलं की ते कुजतं किंवा गळतं, हे तिच्या हाडात होतं. दाखवायचंच झालं तर बोट वाकवून, आकड्यासारखं करून दाखवायचं. अण्णांसमोर तेही नको, म्हणून ती हनुवटीनं दाखवायची. पत्र्यावरचा दुधी हनुवटीनं दाखवताना तिची मान अशी काही ताणली जायची, की अण्णा म्हणायचे, "मान आखडलीय का? तेल लाव."

आमच्या कुंपणामागे एका आगरी घराची वाडी होती. तिथली म्हातारी, तिला सगळी वस्ती आजी म्हणायची. जन्मभर भातशेती केलेली बाई. पण पेरणीचे दिवस आले की दुधीच्या, भोपळ्याच्या बिया पदराच्या गाठीत बांधून ती आमच्याकडे यायची. "बाय, तुजा हात लाव गो." आई लाजायची, नको नको म्हणायची आणि मग जाऊन पहिली बी लावून यायची. येताना तिची चाल बदललेली असायची. आमच्या घरात पगार अण्णा आणायचे, सभेत भाषण अण्णा करायचे, पेपर मोठ्यानं अण्णा वाचायचे. आईकडे तिचं म्हणावं असं काय होतं? तो हात होता. मला हे तेव्हा समजत नव्हतं असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण समजत होतं.

फणस आजीनंच आणलेला. म्हणजे आजीनं एक कापा फणस दिला, आम्ही गरे खाल्ले, आठळ्या भाजून खाल्ल्या आणि आईनं एक आठळी बाजूला ठेवून मागच्या भिंतीपाशी लावली. तो वाढला. मी मिशीला सुरुवात केली तेव्हा तो माझ्या कमरेला होता, मला नोकरी लागली तेव्हा पत्र्याच्या वर. नंतर त्याला दरवर्षी बोटासारखे लांबट फुलोरे यायचे, काळे पडायचे, गळून जायचे. फळ नाही. आई गळलेले उचलून बघायची आणि म्हणायची, "सुरुवात तर केलीय." जणू तो बालवाडीत होता.

मी कॅम्प पाचमध्येच एका सिंधी शेठच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवायचो. नव्वद सालानंतर माझं लग्न जमलं. मुलगी उल्हासनगरची. सगळं ठरलं आणि तिच्या मावशीनं आमचं घर बघून एकच प्रश्न विचारला, "आणि ह्यांची खोली?"

सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मुलगी खाली बघत होती, पण कान इकडेच होते. त्या खाली बघण्यातही एक प्रश्न होता, तो मला दिसला.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी परस पावलांनी मोजला. "मागे खोली निघते. फणस काढावा लागेल."

"फणस?" आई म्हणाली.

"करतो काय तो? सावली देतो. सावली पत्र्याचीही पडते."

"देईल तो फळ."

"कधी? मी रिटायर झाल्यावर?"

दोघांचं बोलणं बंद झालं. मग अण्णांनी युनियनच्या पद्धतीनं तडजोड काढली. हा हंगाम बघायचा. फळ धरलं तर झाड राहील, आणि पुढचा ओटा पत्र्यानं बंद करून तिथं पोराचा संसार. नाही धरलं तर झाड तोडायचं आणि मागे पक्की खोली. मग त्यांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "बघा तुम्ही."

ह्या दोन शब्दांनी माझं आयुष्यात जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणी शत्रूनंही केलं नसेल. खरं म्हणणं माझ्या जिभेवर होतं. त्या ओट्यावर रोज सकाळी अण्णांचे युनियनवाले चहाला बसायचे. ओट्याला खेटून रस्ता. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस ओट्याकडे तोंड करून "काय, येताय का?" असं विचारूनच पुढे जायचा. मध्ये एक पत्रा लावून त्याच्यामागे मी आणि ती, आणि पत्र्याबाहेर महागाई भत्त्याची चर्चा. शेठनं लग्नाला कपाट देतो म्हटलं होतं. ते उभं केलं असतं तर आम्हाला कपाटातच झोपावं लागलं असतं. हे सगळं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, बघा तुम्ही.

आईनं आजीचा सल्ला घेतला. आजी म्हणाली, "धमकी दे त्याला. झाड भीतंय."

त्या बाजूला ही रीत होती. न फळणाऱ्या झाडासमोर एकानं कोयता घेऊन उभं राहायचं, दोन घाव घालायचे, "देतोस का तोडू?" म्हणून दम द्यायचा. दुसऱ्यानं मध्ये पडायचं, "नको तोडू, यंदा देईल" म्हणून त्याच्यासाठी जामीन राहायचं. मग झाड त्या जामीनदाराची अब्रू राखतं.

अण्णा म्हणाले, "झाडाचे कान दाखवा, मी स्वतः जाऊन बोलतो."

आईनं वाद घातला नाही. ती दुधी करत राहिली. सकाळी दुधी, रात्री दुधी, डब्यात दुधी. अण्णा संपाला न घाबरणारे गृहस्थ, पण ह्या उपायापुढे टिकले नाहीत. "काय करायचं ते एकदाचं सांगा," म्हणाले.

दिवाळी उरकल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही सगळे परसात जमलो. अण्णा बनियन-पायजम्यात, हातात कोयता. आजी कुंपणापलीकडे दिग्दर्शनाला. आई मोरीच्या दगडावर. अण्णांनी घसा साफ केला.

"हे पाहा," ते फणसाला म्हणाले, "आपण गेली कित्येक वर्षं ह्या जागेत आहात. खत, पाणी वेळच्या वेळी मिळतं. आपल्याकडून मात्र अपेक्षित उत्पादन..."

आणि ते थांबले. आपण मॅनेजरसारखं बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. जन्मभर त्या भाषणाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलेला माणूस. कानापर्यंत लाल झाले.

"आवो भाऊ, असा नाय बोलत झाडाशी!" आजी ओरडली. "शिवी दे त्याला!"

"शिवी देणार नाही."

"मंग घाव तरी घाल! नुसता उभा काय ऱ्हायलाय, फोटू काढताय का?"

अण्णांनी कोयत्यानं दोनदा टकटक केलं, दार वाजवल्यासारखं. सालीतून पांढरा चीक आला. "तोडू का?" त्यांनी विचारलं. धमकी नव्हती ती, परवानगी मागितल्यासारखं वाटलं.

"आता तू, पोरा," आजी मला म्हणाली.

"नको," मी म्हणालो.

"मोठ्यानं! त्याला ऐकाय नको?"

"नको तोडू. यंदा देईल."

"जामीन कोन?"

"मी."

"मी काय? नीट बोल."

"मी जामीन आहे," मी म्हणालो. आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला इतकं हसताना मी फार कमी वेळा बघितलंय. अण्णा कोयता ठेवत म्हणाले, "चला, जामीन मंजूर. चहा टाका."

थंडी सुरू झाली. मी सकाळी दात घासायला फणसाच्या मागे, भिंतीच्या बाजूला उभा राहायचो. तिथं एक दिवस बुंध्यावर, गुडघ्याच्या उंचीला, अंगठ्याएवढं हिरवं काहीतरी दिसलं. वाकून बघितलं. त्यावर बारीक बारीक काटे होते. फुलोरा नव्हता, कुयरी होती. फणसाचं कोवळं फळ.

पहिल्यांदा मला आनंदच झाला, हे मी शपथेवर सांगतो. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तोंडात फेस. चूळ भरेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढ्यात मला पुढचा ओटा दिसला, पत्रा दिसला, पत्र्याबाहेरचे चहाचे कप दिसले आणि त्या मुलीचं खाली बघणं दिसलं. मी कुयरी धरली आणि पिळली. एवढीशी ती, पण केवढा चीक गळला तिच्यातून! मी ती गटारात टाकली आणि पुन्हा चूळ भरली.

काही दिवसांनी त्याच बाजूला आणखी एक आली. मला वाटलं, बघू या, आपोआप गळेल. ती गळली नाही, मुठीएवढी झाली. भिंतीच्या अंगाला असल्यामुळे आईला दिसली नव्हती. ती समोरून, वर फांद्यांकडे बघायची. ही दुसरी मी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली, म्हटलं वाटेत टाकू. वाटेत टाकायचं राहिलं. कारखान्यात आमच्या उत्तर प्रदेशातल्या वेल्डरनं पिशवी हुंगली की काय कोण जाणे. "अरे, कटहल! कहाँ से मारा?" तो घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी मसाला घालून केलेली भाजी डब्यातून माझ्यापुढे ठेवली. "खा, तेरा ही माल है."

आईच्या झाडाचं खाण्याजोगं पहिलं फळ मी त्या कारखान्यात, कपाटांच्या मध्ये बसून खाल्लं. आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो, भाजी चांगली झाली होती.

त्या आठवड्यात धुणं धुताना आईनं विचारलं, "बाहीला हा डाग कसला रे?"

"रंगाचा."

"रॉकेलनं जात नाही. कसले रंग वापरता तुम्ही?" मग तिनं त्यावर खोबरेल चोळलं आणि डाग गेला. "तेलानं गेला बघ," म्हणाली, खूश होऊन. फणसाचा चीक तेलानं जातो हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण दोन आणि दोन जोडायला समोर कुणी परका असावा लागतो. समोर मुलगा होता.

तिसरी कुयरी आईनंच बघितली. समोरच्या बाजूला, छातीच्या उंचीला आली होती. मी कामावरून आलो तर तिनं मला दारातूनच खुणेनं मागे नेलं. अण्णा पुढे पेपर वाचत होते. ती कुजबुजली, "बघ." आणि बोट वाकवून, आकडा करून दाखवलं.

"फळच आहे ना रे? फुलोरा नाही ना?"

"फळ आहे," मी म्हणालो.

"खरंच?" आणि त्या आनंदात तिचं बोट सरळ झालं. सरळ बोटानं तिनं ती कुयरी दाखवली, जवळजवळ टेकवलंच. लगेच तिच्या लक्षात आलं. तिनं ते बोट दाताखाली धरलं, लहान मुलीसारखं. मला म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. अण्णांना पण नाही. जरा मोठं होऊ दे, मग त्यांनाच पुढे करून दाखवू. चेहरा बघ मग त्यांचा!" गोणपाटाचा तुकडा आणून तिनं कुयरीभोवती बांधला. "आणि तू जामीन आहेस हां. झाडानं तुझी अब्रू राखली."

मी दोन दिवस गप्प होतो. गप्प असण्यात माझ्या बाबतीत कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या मावशीचा निरोप आला, खोलीचं काय झालं म्हणून. अण्णा म्हणाले, "कळवतो." आईनं माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. माझी आई. मी तिला कधी डोळा मिचकावताना बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी आई रेशनच्या रांगेला गेली. मी मागे गेलो, गोणपाट सोडलं, कुयरी पिळून काढली आणि कुंपणापलीकडच्या रानात लांब भिरकावली. गोणपाट पुन्हा बांधावं की खाली टाकावं, ह्याचा विचार करत मी तिथं उभा राहिलो. शेवटी खाली टाकलं. माझ्या त्या दिवसाच्या मनाची एवढीच खूण मला आठवते, की मला काळजी गोणपाटाची होती.

संध्याकाळी आई मागे गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी गेलो. ती बुंध्यासमोर उभी होती, हातात गोणपाट.

"मी बोट दाखवलं रे," ती म्हणाली.

"असं काही नसतं, आई," मी म्हणालो. अण्णांचं वाक्य. जन्मभर त्यांनी ते खरेपणानं वापरलं आणि मी पहिल्यांदा वापरलं ते असं. वाक्य खरं होतं. बोटानं काही होत नाही. बोटानं झालंच नव्हतं.

"मग काय झालं?"

"खारीनं नेलं असेल."

"खार गाठ सोडते होय?" ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "गाठ मीच सैल बांधली असणार. गोणपाटाला हिसका बसला असेल. बोट मीच दाखवलं, गाठ मीच बांधली. हाताचा गुण गेला माझ्या."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. अण्णा चिडले असते, आई रडली असती, लग्न ओट्यावर झालं असतं. लोक ओट्यावर संसार करतात, त्यांची मुलंबाळं होतात. मी म्हणालो, "चल आत, थंडी आहे."

शिमग्यानंतर झाड तोडलं. आजी त्या दिवशी कुंपणापाशी आली नाही. आईनं तोडणाऱ्यांना चहा दिला आणि त्यांच्यापुढे कप ठेवून आत निघून गेली. पावसाच्या आत खोली झाली, लग्न झालं, कपाट आलं आणि खोलीत व्यवस्थित बसलं. बायको खूश होती. तिचा ह्यात काही दोष नाही. तिला आजतागायत वाटतं, की झाड फळत नव्हतं म्हणूनच तोडलं.

त्या वर्षी आजी बिया घेऊन आली. "बाय, हात लाव गो."

"आजी, सुनेच्या हातानं लावा ह्या वेळी," आई म्हणाली.

"सून नवी हाय. तुजा हात..."

"माझा नको आता."

माझ्या बायकोनं लावल्या. बायको गुणी आहे, पण तिचा हात म्हणजे काय सांगावं? मेथीची पुडीभर बी पेरली आणि उगवली ती वरणावर भुरभुरण्यापुरती. अण्णा म्हणाले, "सूनबाईंनी दुधीचा प्रश्न कायमचा सोडवला." सगळे हसले. बायकोही हसली. आई वाफ्याच्या कडेला उभी राहून सांगायची, असं दाब, माती एवढीच टाक, बी उभी नको आडवी ठेव. सांगताना दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. बाहेर काढायची नाही. पूर्वी जिला मातीतून हात ओढून जेवायला बसवावं लागायचं, ती बाई हात पदरात घालून उभी. आम्ही म्हणायचो, आई आता साहेब झाली. मीही म्हणायचो.

आणि अण्णांनी मला नाव ठेवलं ते त्यांच्याबरोबरच गेलं. जामीनदार. कढीपत्ता वाळला की, "बोलवा जामीनदाराला." भावकीतल्या लग्नात ओळख करून देताना, "हे आमचे चिरंजीव, फणसाचे जामीनदार. फणस फरार झाला, हे सापडले." हशा ठरलेला. मी पण हसायचो. एवढी वर्षं हसून हसून ते मला चांगलं जमायला लागलं होतं. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, विचारणार. ते म्हणाले, "त्या झाडाला अजून एक वर्ष द्यायला हवं होतं. तिच्यासाठी." मी म्हणालो, "हं."

आईला सांगायचा प्रयत्न मी केलेला आहे, अगदीच नाही असं नाही. एकदा बाजारात फणस दिसला म्हणून घेऊन आलो. ती हाताला तेल लावून गरे काढत होती. मी म्हणालो, "आई, आपला तो फणस..."

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुझा जामीन बुडाला." आणि सगळ्यात मोठा गरा माझ्या हातावर ठेवला. तो गरा तोंडात असताना मी काय बोलणार होतो?

आता आई ऐंशीच्या पुढे आहे. कान बरे आहेत, डोळे बरे आहेत, टोमणे तर अधिकच बरे आहेत. आजीची वाडी गेली, तिथं इमारत आली. गेल्या महिन्यात त्या इमारतीतली एक नवी मुलगी कुंडी घेऊन आमच्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, इथल्या आजींनी लावलेलं झाड जगतं म्हणून. कुठून कुणाकडून ऐकलं असेल, एवढ्या वर्षांनी. "आजी, लिंबाचं रोप आहे. तुम्ही लावून द्या ना."

आईचे हात पदरात गेले. "माझ्या हाताला यश नाही, बाळा," ती म्हणाली आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "ह्याला दे. हा लावील."

मुलीनं कुंडी माझ्या हातात दिली. मी रोप लावलं, माती दाबली, पाणी घातलं. आई बाजूला बसून बघत होती. "जरा खोल घे. हां. आता बरोबर," म्हणाली.

तिचा हात कधीच वाईट नव्हता. त्या झाडानं तिला तीन फळं दिली होती आणि ती तिन्ही मी खुडली. हे आईला तिच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.